साबणवाल्यांच्या चर्चमागची जागा

ग्राझ, २ फेब्रुवारी १९८६

प्रिय कोर्नेल,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, म्हणून पाकीट हातात घेऊन घाबरत बसू नकोस. तुझ्याआधी ते कुणी उघडलेलं नाही. ते आणणारा मातियास ट्रकवर असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्याकडे खेप करतो. बोलत फारसा नाही, पण विश्वासाचा आहे.

तुझी आई गेल्यापासून मी तुला नाताळच्या कार्डांपलीकडे काही पाठवलं नाही. आज मावशीला काम पडलंय म्हणून ती लिहिते आहे, हे तुला दिसेलच. माझ्या पोटात गाठ आहे. इथले डॉक्टर नम्र असतात. ते म्हणाले, प्रवास करायचा असेल तर याच वर्षी करा. मी एका प्रवासी कंपनीत नाव घातलं आहे. सप्टेंबरात बस निघेल, बुखारेस्टला मुक्काम, प्रसिद्ध इमारती दाखवणार. सत्तर वर्षांच्या बाईला आपल्याच गावातल्या इमारती बघायला तिकीट काढावं लागतंय.

मला खरं तर एकच इमारत बघायची आहे, साबणवाल्यांचं चर्च, आणि तीही इमारतीसाठी नाही. आईने तुला सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. मला एक मुलगी होती, स्मारांदा. चव्वेचाळीसच्या एप्रिलात बाँब पडले तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या दिवशी गावात शवपेट्या उरल्या नव्हत्या आणि कबरस्तानाकडे जायला रस्ता उरला नव्हता. फादरनी चर्चच्या मागच्या अंगणातच जागा दिली, तिला आणि आमच्या गल्लीतल्या आणखी काही जणांना. दगड लावू दिला नाही. लाकडी क्रूस होते, ते पहिल्याच हिवाळ्यात लोकांनी चुलीत घातले. मी त्यांना दोष देत नाही, थंडी तशीच होती. तेव्हापासून खूण म्हणजे ते चर्चच. वेदीमागच्या खिडकीला पाठ लावून उभं राहायचं आणि उगवतीकडे सरळ दहा पावलं चालायचं. ग्राझला येईपर्यंत दर शनिवारी मी तशीच चालत गेले.

मला आता तिथल्या मातीत पुरणार नाहीत, हे मी मान्य केलं आहे. पण एकटीला नको. आपल्याकडे काही वर्षांनी हाडं वर काढतात, वाइनने धुतात, पांढऱ्या कापडात बांधून परत ठेवतात, आणि घरातलं कुणी गेलं की त्याच्या सोबत देतात. स्मारांदाचं ते राहूनच गेलं. ते तू कर. लाल वाइन, न वापरलेलं कापड, आणि धुताना तिचं नाव घे. मी आले की गाठोडं माझ्या हातात दे. मला दुसरं काही नको.

टपालाने लिहिशील तेव्हा तिला ‘गुलाबाचं रोप’ म्हण. बाकीची पानं इमारतींनी भर, म्हणजे वाचणाऱ्या साहेबांनाही काही ज्ञान मिळेल.

तुझी मावशी,
अग्लाया


बुखारेस्ट, ११ मार्च १९८६

प्रिय अग्लाया मावशी,

तुमचा हात ओठांना लावतो. पत्र पोचलं. कॉफीही पोचली. ती मी कपाटात वर ठेवली आहे, कारण कॉफी ही इथे आता प्यायची वस्तू राहिलेली नाही, द्यायची वस्तू झाली आहे.

तुम्ही विचारल्याप्रमाणे बघण्यासारख्या इमारती कळवतो. मी नगरपालिकेच्या रंगकामाच्या कारखान्यात फलकांवर अक्षरं काढतो. शाळा आठवीत सुटली, पण पाहुण्यांसाठीचे बाणाचे फलक बहुतेक माझ्याच हातचे आहेत, तेव्हा नावं तरी चुकणार नाहीत. पहिलं अथेनियम बघा. घुमट तुमच्या वेळी होता तसाच आहे, पुढचे खांब धुतले आहेत. समोरच्या बागेत बाकं आहेत आणि तिथे बसलेल्या माणसाला कशाला बसलात असं कुणी विचारत नाही. मग स्ताव्रोपोलेओस. चर्च एवढंसं, पण दगडातल्या वेली अशा की हात लावायचा मोह होतो. त्याच्या अंगणात दुसरीकडच्या पाडलेल्या चर्चचे कोरीव दगड मांडून ठेवले आहेत. मला तिथे फार वेळ थांबवत नाही. मानुकच्या सराईत लाकडी सज्जे आहेत, वर जाऊन बसलात तर कठड्याला टेकू नका. विजयकमान बसमधूनच दाखवतील, ते पुरे आहे. ग्राम-संग्रहालयात खेड्यांतून उचलून आणलेली लाकडी घरं आहेत. खिडक्यांना पडदे आहेत, चुली आहेत, फक्त माणसं नाहीत.

फेरफटका पायी करू नका. रस्ते बदलले आहेत. मागच्या महिन्यात मी एका गल्लीच्या नावाचे फलक रंगवून वाळत घातले. ते वाळेपर्यंत गल्ली उरली नव्हती. माणसं नव्या घरांत गेली, कुत्री तिथेच राहिली.

तुमच्या लहानपणचं साबणवाल्यांचं चर्च सध्या कुंपणात आहे. वाईट वाटून घेऊ नका, ते पाडणार नाहीत. इंजिनिअर लोक त्याला खालून कापून रुळांवर चढवणार आहेत आणि सरकवत नेऊन नव्या इमारतींच्या मागे ठेवणार आहेत. असं बऱ्याच चर्चचं केलं आहे आणि एकही भिंत पडली नाही असं सगळे सांगतात. कुंपणावरचं ‘प्रवेश बंद’ मीच रंगवलं आहे.

गुलाबाच्या रोपाबद्दल म्हणाल तर जमीन अजून कडक आहे. मला वाटतं घाई करू नये. मुळं दुखावतील. शिवाय दारावर पहारेकरी असतो. मी रोज तिथून जातो आणि बघतो.

तुमचा,
कोर्नेल


ग्राझ, ६ एप्रिल १९८६

प्रिय कोर्नेल,

तुझं पत्र वाचून तुझी आई आठवली. तीही अंडं फोडायच्या आधी अंड्याची परवानगी घ्यायची.

इमारतींवर पानं भरलीस आणि रोपावर चार ओळी. जमीन कडक होती, बरं. आता एप्रिल लागला. कुंपण आहे, बरं. कुंपणाला दार असतं, दारावर माणूस असतो आणि त्या माणसालाही कॉफी आवडते. ती कपाटात सुगंध घ्यायला ठेवलेली नाही.

एक गोष्ट नीट वाच. चर्च हलवता येतं, अंगण हलवता येत नाही. चर्च एकदा सरकलं की मी पावलं कुठून मोजू? म्हणून ते सरकायच्या आधी. रोपाचं झालं की मग हवं तर चर्चला विजयकमानीखाली नेऊन ठेवा.

आमची बस बारा सप्टेंबरला पोचते. मी अथेनियमसमोरच्या बाकावर बसेन. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे मी चालते. मला घाबरवू नकोस, तू घाबरू नकोस.

मावशी


बुखारेस्ट, ११ मे १९८६

प्रिय मावशी,

हात ओठांना लावतो. मातियास उद्या परत निघतो आहे, म्हणून हे मोकळेपणाने लिहितो. काम झालं.

ईस्टरच्या आठवड्यात कुंपणापाशी फिरकता आलं नाही. वरच्या साहेबांच्या भेटी चालू होत्या आणि आम्हाला बुलेव्हारच्या, म्हणजे त्या नव्या रुंद रस्त्याच्या, फलकांवर बसवलं होतं. मग बुधवारी फुटबॉलचा सामना आला. आपला संघ युरोपच्या अंतिम फेरीत, असं याआधी कधी झालंच नव्हतं. मी ब्रश, रंगाचा डबा आणि फावडं घेऊन दारापाशी गेलो. पहारेकरी गित्साकाका जाकीट चढवत होते.

“काय रे फलकवाल्या, आज कुठली अक्षरं बिघडली?”

“‘प्रवेश बंद’ पावसाने धुतलंय, काका. परत काढायचंय.”

“आज? अख्खं गाव टीव्हीपुढे बसलंय आणि तुला प्रवेश बंद सुचतंय? लग्न कर लेका.”

“सकाळी साहेब येणारेत म्हणे.”

“येऊ देत. मी मेहुणीकडे चाललो, तिच्या बाजूला वीज आहे. कुणी विचारलं तर सांग, मुतायला गेलाय.”

“नव्वद मिनिटं?”

“म्हाताऱ्या माणसाला लागतो वेळ. ते पुडकं कसलंय?”

मी कॉफी दिली. त्यांनी वास घेतला, एकदा माझ्याकडे आणि एकदा फावड्याकडे बघितलं आणि जाकिटाची बटणं लावत गेले.

आतलं अंगण तुम्ही ओळखणार नाही. मागची भिंत नाही, तुतीचं झाड नाही, शेजारची घरं नाहीत. चर्चभोवती खंदक आहे, खाली काँक्रीटचा चौथरा आणि रूळ. मोजायला चर्चखेरीज काही उरलेलं नव्हतं. आम्ही लांब ओळ आखताना खडू लावलेली दोरी ताणतो, तीच नेली होती. एक टोक वेदीमागच्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि दोरी उगवतीकडे सरळ ताणली. तुमची पावलं माझ्यापेक्षा लहान असणार, म्हणून आईच्या जुन्या बुटांचं माप घेऊन गेलो होतो. दोरी सरळ होती, मावशी. ती मी तीनदा बघितली.

अंधार पडत आला तेव्हा हाताला लागलं. मी सगळं पोत्यात भरलं, माती परत लोटली, वर विटांचा चुरा पसरला. घरी पोचलो तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं, आपला गोलकीपर एकामागून एक पेनल्टी अडवत होता म्हणे. कुणीतरी मला मिठी मारली, पोत्यासकट.

लाल वाइन घेतली, आईचा कधीच न वापरलेला टेबलावरचा कपडा घेतला. धुताना नाव घेतलं. सगळी मिळाली असं म्हणता येणार नाही, बेचाळीस वर्षं झाली. जी मिळाली ती स्वच्छ आहेत.

कोर्नेल


ग्राझ, १ जून १९८६

माझ्या कोर्नेल,

मातियासने पत्र दिलं आणि मी जिन्यातच बसून वाचलं. शेजारची बाई म्हणाली, काय झालं, मी म्हटलं, आमचा संघ जिंकला.

तुला मी अंड्यावरून बोलले, ते परत घेते. तुझ्या आईचा तो कपडा मला आठवतो. कडेला चेरीचं भरतकाम होतं, तिच्या लग्नासाठी मीच भरलं होतं. मला वाटलं तिने विकला असेल.

इतक्या वर्षांत मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण रात्री मला वाटायचं, ती तिथे थंडीत आहे आणि मी इथे रजईत. परवापासून वाटत नाही. तुझ्या खोलीत ती कुठे ठेवली आहेस? खिडकीपाशी असेल तर बरं. तिला अंधार आवडायचा नाही.

मावशी


बुखारेस्ट, १४ जुलै १९८६

प्रिय मावशी,

तुमचा हात ओठांना लावतो. रोप खिडकीपाशीच आहे.

चर्च मेअखेरीस सरकवलं. आम्हाला कामावरून रांगेने बघायला नेलं होतं. ते इतकं हळू सरकतं की सरकतंय हे कळतच नाही, फक्त मागची जागा वाढत जाते. आता ते नव्या इमारतींच्या मागे उभं आहे. तडा गेलेला नाही. जुन्या जागेवर लगेच फरशीचं काँक्रीट ओतलं, तिथे नऊ मजली घरं होणार आहेत.

यंदा इथे उन्हाळा फार कडक आहे. सप्टेंबरातही असाच राहील असं म्हणतात. हॉटेलांत पाणी वेळेवर नसतं. बसमध्ये तासन्‌तास बसणं तुमच्या प्रकृतीला झेपेल का? अथेनियमचे फोटो मिळतात, चांगले रंगीत. मी ते पाठवू शकतो. रोप कुणाच्या तरी हाती पाठवता येईल, किंवा इथेच राहू द्यावं, त्याची काळजी मी घेईन.

एक विचारायचं होतं, सहज. रोप तेव्हा केवढं होतं? म्हणजे उंचीला.

कोर्नेल


ग्राझ, १० ऑगस्ट १९८६

कोर्नेल,

मी येणार आहे. पाण्याशिवाय राहायची मला सवय आहे, मी त्याच गावात लढाई काढली आहे. फोटो नकोत.

उंची का विचारलीस? स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या वर तिचे जेमतेम खांदे यायचे, खाली वाकली की कडेला कपाळ लागायचं. कायम तिथे निळा डाग असायचा.

अथेनियम, बारा तारीख, दुपारी.

मावशी


ग्राझ, २८ सप्टेंबर १९८६

कोर्नेल,

हे मातियासच्या हाती पाठवते आहे.

बसमधली पोरगी चांगली होती. पाठ केलेलं बोलत होती, पण मनापासून. अथेनियम दाखवलं, मानुकची सराई दाखवली. ऑस्ट्रियन बायका सज्ज्यांचे फोटो काढत होत्या. मी त्यांना सांगितलं, कठड्याला टेकू नका. स्ताव्रोपोलेओसच्या अंगणात मी ते मांडलेले दगड बघितले आणि तुला तिथे का थांबवत नाही ते मला कळलं.

तू बाकावर आधीच येऊन बसला होतास. किती बारीक झाला आहेस. शर्टाची सगळी बटणं लावलेली. तू मला गाठोडं दिलंस तेव्हा तुझी नजर माझ्या बुटांवर होती. मी मनात म्हटलं, रडू येत असेल, बायांपुढे पुरुषांना लाज वाटते. मग तू मला चर्च दाखवायला नेलंस. इमारतींमधल्या बोळातून, कचऱ्याच्या पिंपांवरून. उंच भिंतींच्या मधे ते असं उभं होतं जसं पाहुणे आल्यावर म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बसवतात. मी वेदीमागच्या खिडकीला पाठ लावली. समोर दहा पावलं नव्हतीच, तीन पावलांवर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत होती. तू म्हणालास, “मावशी, चला, बस निघेल.” तेवढंच बोललास.

हॉटेलात दार लावून मी गाठोडं सोडलं. नेहमीचीच गाठ मारली होतीस, आईसारखी.

त्यात जबड्याचा एक तुकडा आहे. दाढा झिजलेल्या आहेत आणि एकीत चांदी भरलेली आहे. बाँब पडायच्या आदल्या दिवशी स्मारांदाचा पुढचा दात पडला होता. तो तिने छपरावर फेकला होता, कावळ्याने नेऊन पोलादाचा आणून द्यावा म्हणून. ही हाडं मोठ्या माणसाची आहेत, कोर्नेल. तू ती धुतलीस. एक-एक हातात घेऊन धुतलीस. म्हणजे तुला त्याच रात्री ठाऊक होतं.

सरहद्दीवर शिपायाने पिशवी उघडायला लावली. कापड उचलून बघितलं. तरुण होता, तुझ्याएवढा. त्याने टेबलाखाली हात नेऊन क्रूसाची खूण केली, कापड परत होतं तसं घडी घातलं आणि म्हणाला, “पुढे चला, माताजी.” त्याला एवढं कळलं.

मला फक्त हे सांग, ती कुठे आहे? बाकीचं सांगू नकोस.

अग्लाया


बुखारेस्ट, १९ ऑक्टोबर १९८६

मावशी,

हे टपालाने पाठवतो आहे. मातियासची वाट बघत बसवत नाही, आणि वाचणाऱ्यांनी वाचलं तरी वाचू दे.

हो, त्याच रात्री कळलं. आधी मी स्वतःला म्हटलं, लहान मुलांची हाडं मी कधी बघितली आहेत? मग ती दाढ दिसली. तरी मी नाव स्मारांदाचंच घेत राहिलो, कारण दुसरं कुठलं नाव मला ठाऊक नव्हतं. सकाळी परत जाऊन बघायचं ठरवलं होतं, पण तोवर दारावर शिपाई बसले होते. मग तुमचं जिन्यात बसून वाचल्याचं पत्र आलं.

का चुकलं ते मला जूनअखेरीस कळलं. रुळांवरचे मिस्त्री पंदेले आमच्याकडे एक फलक न्यायला आले होते. मी सहज म्हणून विचारलं, चर्च कुठल्या दिवशी सरकवायला लागलात.

“सरकवायला? मेअखेरीस. पण पहिला धक्का एक मेला दिला होता.”

“एक मेला? तेव्हा तर सुट्टी होती.”

“सुट्टी तुला. साहेबांना दाखवायला नको? संचलन संपवून मंडळी आली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आम्ही आपलं सरकवलं तेवढ्यापुरतं आणि थांबवलं.”

“तेवढ्यापुरतं म्हणजे किती?”

“असेल सहा-सात पावलं उत्तरेला. चेहरा का असा झाला तुझा? पडलं नाही ना काही.”

मी सात तारखेला दोरी बांधली, मावशी. माझी दोरी सरळ होती. चर्चच जागेवर नव्हतं.

तुम्ही मला लिहिलं होतं, चर्च सरकलं की पावलं कुठून मोजू. ते मी वाचलं होतं. पण फलकावर लिहिलेली तारीख मी खरी मानतो, मीच ती रंगवलेली असते. ‘प्रारंभ : २८ मे’ असं मीच रंगवलं होतं.

ती कुठे आहे ते आता मला ठाऊक आहे. पहिल्या रुळाचं टोक जुन्या नळाच्या खांबापाशी होतं, तो खांब अजून आहे. तिथून मी मनात सगळं परत आखलं. मागच्या बाजूला तळघर खणलेलं नाही, नुसती भर घालून फरशी ओतली आहे. त्या फरशीखाली आहे. वरती सध्या तिसरा मजला चढला आहे.

मी फरशी ओतताना तिथे उभा होतो. तेव्हा मला फक्त चर्चला तडा गेला नाही याचं बरं वाटलं होतं.

कोर्नेल


ग्राझ, १५ फेब्रुवारी १९८७

श्री. कोर्नेल,

मी मातियास. तुमची भाषा मला रस्त्यावरची येते, लिहायला जड जाते, माफ करा.

मादाम अग्लाया एकतीस जानेवारीला गेल्या. मी आदल्या दिवशी भेटलो. तुमचं ऑक्टोबरचं पत्र त्यांच्याकडे उशिरा पोचलं, उघडून परत चिकटवलेलं होतं. त्यांनी ते उशीखाली ठेवलं होतं.

ते गाठोडं त्यांच्या हातांत दिलं, तसं त्यांनीच सांगितलं होतं. पाद्री विचारत होता, कुणाचं आहे, नाव काय घेऊ. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “नाव ठाऊक नाही. आमच्या गल्लीतलं कुणीतरी आहे. एकटं नको जायला.”

तुम्हाला निरोप आहे. मी तसाच लिहितो. “त्याला सांग, मी रागावलेली नाही, पण मला कळवळाही येत नाही, तेवढी ताकद उरलेली नाही. त्याला सांग, जागा ठाऊक आहे ना, मग ती सोडू नको. शनिवारी कुणीतरी असावं.”

मी मार्चमध्ये येईन. कॉफी आणतो.

मातियास


बुखारेस्ट, २९ मे १९८८

मातियास,

तुम्ही गेल्या खेपेला त्या जागेचं विचारलंत, तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

मार्चमध्ये नव्या इमारतीतल्या घरांचं वाटप झालं. आमच्या खात्याच्या वाट्याला काही आली. सगळे बुलेव्हारकडच्या वरच्या मजल्यांसाठी भांडत होते, तिथून कारंजी दिसतात. मी तळमजला मागितला, मागच्या बाजूचा, चर्चकडचा. वाटप करणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तिथे ऊन येत नाही, माहीत आहे ना? भिंतीला ओल आहे. गटाराचा वास येतो.”

“माहीत आहे, बाई.”

“कुणी भरीला घातलं तुला? बायको?”

“बायको नाही.”

“मग कुणी सांगितलंय हे? एकट्या माणसाला चौथ्यावर देते मी. उद्या माझ्या नावाने ओरडत येशील.”

“नाही येणार.”

“असे येतात एकेक,” असं शेजारच्या बाईला म्हणत त्यांनी शिक्का मारला.

राहायला गेलो त्या दिवशी सामान लावायच्या आधी दोरी काढली. जुन्या नळाच्या खांबापासून बाहेरून भिंतीपर्यंत आणि मग आतून. माझ्या आखणीप्रमाणे ती जागा स्वयंपाकघरात येते, खिडकी आणि चूल यांच्या मधे. मी तिथे टेबल ठेवलेलं नाही. मावशींनी टेबलाच्या कडेचं लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्यामुळे ठेववत नाही. उरलेल्या खोलीत मी कसाबसा मावतो. खिडकीतून साबणवाल्यांच्या चर्चची पाठ दिसते, वेदीमागची तीच खिडकी, आता माझ्याकडे तोंड करून. दोन्ही खिडक्यांच्या मधे कचऱ्याची पिंपं आहेत.

काल मृतांचा शनिवार होता. तुमच्याकडे तो पाळतात की नाही, मला ठाऊक नाही. इथे गेलेल्या माणसाच्या नावाने नवं भांडं देतात, त्यात काही खायला-प्यायला घालून, वर पेटती मेणबत्ती. मूल गेलेलं असेल तर मुलाला देतात. मी पांढरा पेला आणला. दुधासाठी पहाटे रांग लावली, मिळालं. वरच्या मजल्यावर इलिंका राहते, सहा वर्षांची. तिच्या आईला विचारून तिला खाली बोलावलं.

ती दारातच थबकली, कारण माझ्याकडे कुणी येत नाही. मी फरशीवरच, त्या जागेपाशी, पेला ठेवला होता. मेणबत्ती लावली आणि पेला तिच्या हातात दिला. काय म्हणायचं असतं ते तिला आजीने शिकवलेलं होतं, तिने ते म्हटलं, देव त्यांना क्षमा करो. मग विचारलं, “कुणाच्या नावाचा आहे?”

“स्मारांदाच्या.”

“मोठी होती?”

“तुझ्याएवढी.”

“कुठे असते ती?”

मला वाटलं होतं आकाशात म्हणावं, सगळे तसंच म्हणतात. पण या जागेबद्दल माझ्याकडून एकदा खोटं झालं आहे.

“इथेच,” मी म्हणालो. “खाली.”

इलिंकाने फरशीकडे बघितलं. ती रडली नाही, घाबरली नाही. तिने पेला दोन्ही हातांनी धरला, चपला काढून काखेत घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, टाचा उचलून, दारापर्यंत गेली.

कोर्नेल